आडात आहे, पण पोहरा लहान: कोळशाचं उत्पादन, रेक आणि निर्यातीच्या नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळी, लातूर, नांदेड, कुठेही कोळशाच्या वाहतुकीवर बोलायला उभा राहिलो की प्रश्न तेच येतात. विचारणारी कधी अभियांत्रिकीची पोरं असतात, कधी ठेकेदार, कधी औष्णिक केंद्रात नुकतेच लागलेले कनिष्ठ अभियंते. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच खरी गोम आहे.

देशात एवढा कोळसा आहे, मग टंचाई होते कशी?

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आपल्याला पाठ आहे. कोळशात बऱ्याचदा उलटं असतं. आडात भरपूर असतं, पोहराच लहान असतो.

ऑक्टोबर २०२१ आठवा. वीज केंद्रांकडे सरासरी चार दिवसांचा कोळसा उरला म्हणून देशभर बोंब झाली. त्याच वेळी केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने दिलेले आकडे असे होते: वीज केंद्रांकडे सुमारे ७२ लाख टन, आणि कोल इंडियाच्या खाणींवर ४०० लाख टनांहून जास्त. म्हणजे खाणीच्या तोंडाशी पाचपट माल पडून होता आणि बॉयलरपाशी खडखडाट होता. पुढच्या उन्हाळ्यात, २०२२ मध्ये, कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेने शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या.

उत्पादनाचं उद्दिष्ट आधी ठरवायचं आणि वाहतुकीचं मागून बघायचं, या सवयीतून हे होतं. माझं म्हणणं सरळ आहे: नियोजन रुळापासून सुरू करा आणि मागे खाणीकडे जा.

एक रेक म्हणजे किती कोळसा? परळीला रोज किती लागतात?

रेक म्हणजे मालगाडीच्या डब्यांची एक अख्खी जोडणी. उघड्या डब्यांच्या रेकमध्ये साधारण ५८-५९ डबे असतात. भरलेल्या रेकमध्ये ढोबळमानाने ४,००० टन माल धरा.

आता परळीचं औष्णिक वीज केंद्र. १९७१ च्या ३० मेगावॅटच्या दोन संचांपासून सुरुवात झाली. ते संच आणि नंतरचे २१० मेगावॅटचे तिन्ही संच आता बंद आहेत. राहिले २५० मेगावॅटचे तीन, म्हणजे ७५० मेगावॅट. २५० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने २४ तास चालला की ६० लाख युनिट होतात. एका युनिटला २,५०० किलोकॅलरी उष्णता आणि कोळशात किलोला ३,७५० किलोकॅलरी धरली, तर दिवसाला बरोबर ४,००० टन लागतात. एक संच, एक दिवस, एक रेक. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा हिशेब तोंडी होतो. तिन्ही संच पूर्ण भाराने चालवायचे तर रोज तीन रेक आल्या पाहिजेत, आणि तीन रिकाम्या परतही गेल्या पाहिजेत. हा दुसरा भाग सगळे विसरतात.

हे उसाच्या हंगामासारखंच आहे का?

बरंचसं. बीडचा माणूस हे सगळ्यात लवकर समजतो. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली, गव्हाणीत तासाला जेवढा ऊस जातो तेवढाच जाणार. तरी तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या चिठ्ठीबॉयने जास्त तोडी दिल्या की काय होतं? गाड्या काट्याच्या आधी रस्त्यावर दोन-दोन दिवस उभ्या राहतात, बैल ताटकळतात, ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. टोळीने तोडला ऊस बरोबर, पण कारखान्याला उपयोग कमी झाला. शहाणा शेतकी अधिकारी यार्डातल्या गाड्या मोजूनच उद्याची तोड देतो.

फरक एकच. ऊस तासांत बिघडतो, कोळसा आठवड्यांत. त्यामुळे चूक उशिरा दिसते आणि तोवर मोठी झालेली असते.

मग कोळसा काढून ढीग मारून ठेवायला काय हरकत आहे?

थोडा ठेवावाच लागतो. पण ढीग फुकट राहत नाही. कोळसा हवेतला ऑक्सिजन घेतो आणि आतून तापतो. ढीग नीट दाबला नसेल तर आपोआप पेटतो. पहाटेच्या गारव्यात ढिगाच्या खांद्यावरून पांढरी वाफ निघताना दिसली की समजायचं, आत निखारा आहे. मग डोझर लावून उकरा, पसरा, पुन्हा दाबा. जुना माल आधी उचलायचा असा नियम असतो, पण घाईत लोडर समोरचा नवाच उचलतो आणि जुना खाली तापत बसतो. त्यात उष्मांक घटतो, पैसा अडकतो आणि जागाही अडते.

शिवाय खुल्या खाणीत कोळसा काढायच्या आधी वरचा माती-दगड हटवावा लागतो. त्याला सगळे 'ओबी' म्हणतात. मालाला उठाव नसेल तेव्हा डंपर कोळशाऐवजी ओबीवर लावणं शहाणपणाचं. म्हणजे रेक वाढल्या की कोळसा उघडाच असतो. वर्षाचा आकडा गाठायच्या नादात मार्चमध्ये हे कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

'रेक कमी पडतात' म्हणजे डबे कमी आहेत का?

दरवेळी नाही. बहुतेक वेळा फेरा लांबलेला असतो.

फेरा म्हणजे रिकामी रेक साइडिंगला, म्हणजे खाणीजवळच्या माल भरायच्या रुळावर, लागल्यापासून पुन्हा रिकामी होऊन तिथेच परत येईपर्यंतचा वेळ. भरणं, वजन, इंजिन येण्याची वाट, प्रवास, अलीकडच्या स्टेशनात खोळंबा, उतरवणं, परतीचा प्रवास, सगळं त्यात आलं. समजा रोज तीन रेक पाहिजेत आणि फेरा चार दिवसांचा आहे, तर फिरतीवर बारा रेक लागतात. फेरा पाच दिवसांवर गेला तर पंधरा. बाराच असतील तर रोज २.४ रेक पोचतात, म्हणजे १२,००० टनांऐवजी ९,६००. एकही डबा कमी झालेला नसतो, तरी केंद्रात 'रेक देत नाहीत' म्हणून ओरड सुरू होते.

लातूरची पाणीगाडी आठवते ना? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या लागल्या, एकेका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतलं. तरी शहराला पाणी किती मिळणार हे गाडीच्या वेगावर नव्हतं. मिरजेत भरायला किती तास आणि लातुरात उपसायला किती तास, यावर ते ठरायचं.

एकेरी मार्गावर दिवसाला किती गाड्या जाऊ शकतात?

रेल्वेत यासाठी स्कॉटचं सूत्र वापरतात. दिवसाची १,४४० मिनिटं घ्या. दोन स्टेशनांमधल्या सगळ्यात लांब टप्प्यात मालगाडीला लागणारी मिनिटं अधिक सिग्नल-ब्लॉकची मिनिटं, या बेरजेने भागा आणि ०.७ ने गुणा.

सगळ्यात लांब टप्पा १८ मिनिटांचा आणि ब्लॉकची ५ मिनिटं असतील तर २३. उत्तर येतं साधारण ४४ गाड्या, दोन्ही दिशा मिळून, म्हणजे २२ जोड्या. आता बाकीचे सगळे टप्पे तसेच ठेवा आणि एकच टप्पा २८ मिनिटांचा करा. बेरीज ३३, उत्तर ३०, म्हणजे १५ जोड्या. एका टप्प्याने सात जोड्या खाल्ल्या. प्रवासी गाड्यांच्या बारा जोड्या धरल्या तर मालासाठी पहिल्या मार्गावर दहा उरतात, दुसऱ्यावर तीन.

(हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्याही मार्गाचे मोजलेले नाहीत.) म्हणून मी म्हणतो की अख्खा मार्ग दुहेरी व्हायची वाट बघत बसू नका. त्या लांब टप्प्याच्या मधे एक क्रॉसिंग स्टेशन मागा, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देता येईल अशी जागा. त्याला फीत कापायचा सोहळा होत नाही, म्हणून त्याची मागणीही होत नाही.

उतरवायला एवढा वेळ का लागतो?

कोरडा माल असेल तर लागत नाही. टिपलर नावाचं यंत्र डबा धरतं, उलटा करतं, सरळ करतं, ढकलतं. तासाला बारा डबे झाले तर ५८ डब्यांची रेक पाच तासांत मोकळी.

पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. केंद्राचं नाव नको. भरताना भिजलेला बारीक कोळसा वाटेत आणखी भिजला होता. टिपलरने डबा उलटा केला, सरळ केला, आणि पाव भाग माल कडेला तसाच चिकटलेला. आमचा मुकादम बॅटरी मारून आत बघत म्हणाला, "साहेब, ह्यो कोळसा न्हाई, गारा हाय गारा." चार माणसं सब्बल घेऊन आत उतरली. एकेक डबा पंधरा मिनिटं. खाली जाळीवर गोळे अडकले, पट्टा घसरायला लागला, मग तोही थांबवून खरडायचा. पाच तासांचं काम चौदा तासांवर गेलं. मागची रेक अलीकडच्या स्टेशनात उभी, तिच्यामागची त्याच्याही मागच्या स्टेशनात. सकाळी डेमरेजचा, म्हणजे डबे अडकवल्याच्या दंडाचा, कागद आला तेव्हा त्यावर फक्त तास होते. गाऱ्याला रकाना नव्हता.

नियोजनाच्या तक्त्यात जुलै ते सप्टेंबर उतरवण्याचा वेग वेगळा धरा. वर्षभर एकच आकडा ठेवणारा माणूस पावसाळ्यात टिपलरवर गेलेला नसतो.

वाहतूक अपुरी असेल तर कोणता कोळसा आधी पाठवायचा?

लांब जाणारा माल चांगल्या प्रतीचा असावा. २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर, म्हणजे किलोमागे मिळणाऱ्या उष्णतेवर, ठरते: जी-१ (सगळ्यात चांगली) ते जी-१७. वरचाच हिशेब पुढे न्या. ४,३०० किलोकॅलरीच्या कोळशाची ४,००० टनांची रेक साधारण ६९ लाख युनिट देते, ३,४०० किलोकॅलरीची ५४ लाख. रेक तीच, वाट तीच, डिझेल किंवा वीज तेवढीच, आणि फरक १४-१५ लाख युनिटांचा. हलक्या कोळशात राख जास्त, म्हणजे आपण दगडाला तिकीट काढून चारशे किलोमीटर फिरवून आणतो आणि मग त्याची राख ठेवायला जागा शोधतो. ती राख परळीकरांच्या अंगणात उडते.

पूर्वी ५०० किलोमीटरपलीकडे न्यायच्या कोळशात ३४ टक्क्यांहून जास्त राख चालत नसे. मे २०२० मध्ये ती अट काढली. त्यामागे खर्चाची कारणं होती, पण जिथे रुळावर जागा नाही तिथे मला तो निर्णय आजही पटत नाही. अर्थात बॉयलर ज्या प्रतीसाठी बांधला आहे तिच्या आसपासच राहावं लागतं. फार चांगला कोळसाही त्याला पचत नाही.

भारत कोळसा निर्यात करतो का?

अगदी थोडा. नेपाळ, बांगलादेश असे शेजारी. २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर गेलं, तरीही त्याच वर्षी आपण २४ कोटी टनांच्या आसपास आयात केला.

मग मराठवाड्यातल्या पोरांनी निर्यातीचं नियोजन कशाला शिकायचं?

एक तर आपण ज्यांचा कोळसा घेतो, त्यांची निर्यात म्हणजे आपली आयात. तिकडचं इंजिन बंद पडलं की इकडे भाव हलतो. दुसरं, हाच हिशेब साखर, मका, सोयापेंड यांना जसाच्या तसा लागतो.

बंदरावर नेमकं काय जुळवायचं असतं?

रेक थेंबाथेंबाने येते, जहाज एकदम तहानेलं येतं. मध्यम आकाराच्या पॅनामॅक्स जहाजात ७५,००० टन मावतात, म्हणजे एकोणीस रेक. रोज तीन रेक येत असतील तर एका जहाजाचा माल जमायला सहा-सात दिवस. दीड लाख टनांच्या पुढच्या केपसाइज जहाजाला त्याच्या दुप्पट. जहाजाची तारीख आधीच बांधलेली असते आणि थांबलं की दिवसाचं भाडं चढतं. म्हणून मधे रांजण लागतो, म्हणजे बंदराचं यार्ड. ते फार भरलेलं असेल तर रेक उतरत नाही, फार रिकामं असेल तर जहाज थांबतं.

निर्यातीत टनाला जास्त पैसे मिळत असतील तर सगळा माल तिकडेच का पाठवू नये?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं चुकतात. एक कल्पित उदाहरण करून बघू.

खाणीची ताकद रोज ५०,००० टन. फिरतीवर ३० रेक. तीन गिऱ्हाइकं. जवळचं वीज केंद्र: टनाला ३०० रुपये सुटतात, फेरा दोन दिवस, रोज जास्तीत जास्त सहा रेक घेतं. लांबचं केंद्र: ४५० रुपये, फेरा पाच दिवस, करारानुसार रोज दोन रेक द्याव्याच लागतात. बंदर: ८०० रुपये, फेरा सहा दिवस.

टनावर बघाल तर बंदर पहिलं. पण आपल्याकडे तुटवडा टनांचा नाही, रेकचा आहे. तेव्हा एका रेकने एका दिवसात किती मिळवलं ते काढा. जवळचं केंद्र: ४,००० गुणिले ३००, भागिले २, म्हणजे ६ लाख. लांबचं: ३.६ लाख. बंदर: ५.३३ लाख. क्रम बदलला. लांबच्या करारात दहा रेक गेल्या, जवळच्याला बारा, उरल्या आठ. त्या बंदराला लावल्या तर तीन दिवसांत चार रेक पोचतात. सगळं मिळून रोज ३७,००० टनांच्या थोडं वर. मग खाणीने ५०,००० काढून करायचं काय? तेवढेच काढा, उरलेले डंपर ओबीवर.

याच तक्त्यातून आणखी एक आकडा मिळतो. एकतिसावी रेक मिळाली तर ती बंदराला जाणार, म्हणजे तिची किंमत दिवसाला ५.३३ लाख. ती भाड्याने घ्यायची तर कुठवर ताणायचं, ते आता कळलं. गणितात याला छाया-किंमत म्हणतात. रेषीय नियोजनाचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त कमाई शोधणारं, सॉफ्टवेअर ती आपोआप देतं आणि लोक तो रकाना न बघताच फाइल बंद करतात.

आता बंदराने उतरवण्याचा वेग वाढवला आणि फेरा सहाचा पाच दिवस झाला असं धरा. एका रेकची बंदरावरची कमाई ६.४ लाख होते, जवळच्या केंद्रापेक्षा जास्त. आकड्यांच्या मागे गेलात तर कराराच्या दहा सोडून उरलेल्या वीसच्या वीस रेक बंदराला. पैसे रोजचे १५९ लाखांवरून १६४ लाख होतात, पण माल ३८,००० टनांवरून २४,००० वर येतो आणि जवळचं केंद्र विझतं. पाच लाखांसाठी हे करणारा मला अजून भेटलेला नाही, आणि भेटू नये. म्हणून 'रोज किमान इतक्या रेक' ही अट तक्त्यात आधीच लिहायची. संगणकाला बॉयलर विझल्याचं काही वाटत नाही.

बाहेरच्या देशांत हे प्रश्न सुटलेत का?

छे. दक्षिण आफ्रिकेचं रिचर्ड्स बे बंदर वर्षाला ९१ दशलक्ष टन निर्यात करू शकतं. २०२३ मध्ये तिथून जेमतेम ४७ दशलक्ष टन गेले. खाणी आणि बंदर दोन्ही जागेवर होते, मधली रेल्वे बसली होती: इंजिनं कमी, सुट्या भागांची रड, तारांची चोरी. कंपन्यांनी कोळसा ट्रकने दुसऱ्या बंदरांकडे वळवला. त्या बंदराचं मोठं गिऱ्हाईक आपणच.

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला उलटा तमाशा. जून २००७ मध्ये किनाऱ्याबाहेर पन्नासहून अधिक जहाजं कोळशासाठी रांगेत होती. वादळ आलं आणि त्यातलं 'पाशा बल्कर' थेट चौपाटीवर येऊन रुतलं. इंडोनेशियात रेल्वेचा प्रश्नच कमी, कारण कालीमंतानमध्ये कोळसा बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालनौकांतून, नदीने समुद्रात येतो. पण नदी आटली की बार्ज रुतते. गोदेकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्याच वीज केंद्रांना कोळसा कमी पडला म्हणून तिथल्या सरकारने निर्यातच थांबवली होती.

ट्रकने का आणत नाहीत?

एका रेकला २५ टनांचे १६० ट्रक लागतात. खाण ते साइडिंग एवढ्या अंतराला ठीक. वणी-चंद्रपूरकडून परळीपर्यंत रोज तीन रेकचा माल ट्रकने म्हणजे ४८० ट्रक येणार आणि ४८० जाणार. रस्त्याकडेच्या गावांना विचारून बघा.

वीज केंद्राने किती दिवसांचा साठा ठेवावा?

खाणीला लागून असलेल्या केंद्रांसाठी १२ ते १७ दिवस आणि लांबच्यांसाठी २० ते २६ दिवस, ऋतूप्रमाणे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दंडक आहे. परळी लांबच्यांत मोडते. माझा आग्रह मे अखेरच्या साठ्यावर असतो, कारण पावसात खुल्या खाणींत पाणी भरतं, रस्ते चिखलतात, उत्पादन खाली येतं आणि जे येतं ते ओलं येतं.

आणि कोळशाइतकंच पाण्याकडे बघा. २०१३ मध्ये परळीचं केंद्र बंद पडलं ते पाण्यावाचून.

नगर-बीड-परळी रेल्वेने फरक पडेल का?

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी आली, त्याचा आनंद आहेच. पिढ्या गेल्या वाट बघण्यात. २६१ किलोमीटरचा हा मार्ग परळीपर्यंत पुरा झाला की पश्चिमेकडे दुसरी वाट मिळेल. पण परळीचा कोळसा पूर्वेकडून, चंद्रपूर-वणी आणि तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणींकडून येतो. त्याला या मार्गाचा थेट उपयोग कमी.

सुरुवात कुठून करू? एक्सेल चालेल का?

चालेल. असा हिशेब सोडवणारा सॉल्व्हर त्यातच असतो आणि वीस-पंचवीस चलांपर्यंत काही अडत नाही. पण सॉफ्टवेअरच्या आधी वही घ्या. महिनाभर प्रत्येक रेकच्या सहा टप्प्यांची वेळ लिहा: रिकामी लागली, भरून झाली, निघाली, पोचली, उतरवून झाली, परत निघाली. सरासरी काढून थांबू नका, सगळ्यात वाईट पाच फेरे वेगळे काढा आणि ते कुठे अडले ते बघा.

वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहा आणि दिवस कधी बदलतो ते खाण, रेल्वे आणि केंद्र या तिघांनी आधी ठरवून घ्या. एक जण मध्यरात्री तारीख बदलतो आणि दुसरा सकाळी सहाला, शिफ्ट बदलताना. रात्री दोनला पोचलेली रेक मग एकाच्या वहीत आजची असते आणि दुसऱ्याच्या वहीत कालची. महिनाअखेरीला न हरवलेली रेक शोधत बसावं लागतं.